टोटल लॉस झालेली जुनी परफॉर्मन्स कार घ्यावी का? गोव्यातील नव्या खरेदीदारासाठी मार्गदर्शन

म्हापसा, पर्वरी किंवा मडगावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरताना कधीतरी अशी गाडी दिसते की नवख्या माणसाचा हात आपोआप टोकनकडे जातो. इंजिन दोनशे अश्वशक्तीच्या वरचे टर्बो पेट्रोल, रंग चकचकीत, धाव जेमतेम तीस हजार किलोमीटर आणि किंमत त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांपेक्षा तीन-चार लाखांनी कमी. दोन-तीन भेटींनंतर विकणारा सांगतो की या गाडीचा एकदा ‘टोटल लॉस’ क्लेम झाला होता, पण काम अगदी कंपनीसारखे करून घेतले आहे. पुष्कळदा तो हे सांगतही नाही आणि आपल्यालाच ते शोधून काढावे लागते. अशा गाडीबाबत सरसकट ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे सांगता येत नाही. माझे मत एवढेच आहे की गाडी विमा कंपनीने का बाद ठरवली, ती कोणी आणि कशी दुरुस्त केली, आणि या दोन्हींचा लेखी पुरावा काय आहे, हे कळल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ते कळण्यासाठी काय काय करावे लागते, ते पुढे क्रमाने दिले आहे.

टोटल लॉस म्हणजे नेमके काय

विमा पॉलिसीवर गाडीची एक ठरलेली किंमत असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी दुरुस्त होण्यासारखी असली तरी विमा कंपनी ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ धरते. म्हणजे हा निर्णय मुळात हिशेबाचा असतो आणि त्यावरून गाडीच्या सांगाड्याची अवस्था कळत नाही. परफॉर्मन्स गाड्यांच्या बाबतीत हा फरक विशेष लक्षात ठेवावा लागतो, कारण त्यांची आयडीव्ही वर्षागणिक घसरते, पण सुटे भाग मात्र आयात किमतीलाच मिळतात.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. नवी असताना ३० लाख रुपये किंमत असलेली गाडी चार वर्षे पूर्ण करून पाचव्या वर्षात आली की प्रचलित घसारा ५० टक्के धरला जातो, म्हणजे आयडीव्ही १५ लाख होते आणि टोटल लॉसची रेषा सव्वाअकरा लाखांवर येते. समोरून बसलेल्या एका धडकेत दोन हेडलाइट, बंपर, बोनेट, रेडिएटर, इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर, दोन एअरबॅग, फाटलेला डॅशबोर्ड, सीट बेल्ट आणि सेन्सर एवढे बदलायचे म्हटले, तर अधिकृत वर्कशॉपचा अंदाज ही रेषा सहज ओलांडतो. मालकाला विम्याचे पैसे मिळतात आणि ती अपघातग्रस्त गाडी ऑनलाइन लिलावात, समजा, पाच लाखांना एखादा व्यापारी घेतो. तो साडेतीन-चार लाख खर्च करून गाडी उभी करतो आणि तेरा लाखांना विकायला काढतो. वर्कशॉपने साडेअकरा लाखांचा सांगितलेला खर्च त्याने चार लाखांत कसा बसवला, हा इथे विचारण्यासारखा खरा प्रश्न आहे. कधी उत्तर सरळ असते: त्याने दुसऱ्या गाडीचे अस्सल जुने भाग वापरले आणि मजुरी बाहेरच्या गॅरेजची दिली. कधी उत्तर असे असते की एअरबॅग बसवल्याच नाहीत.

गोव्यातील अनेक कुटुंबांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला राहतात आणि तिथल्या ‘कॅट एस’, ‘कॅट एन’ गाड्यांच्या गोष्टी इथे ऐकायला मिळतात. तिथे ऑक्टोबर २०१७पासून बाद गाड्यांचे चार वर्ग आहेत. ‘ए’ वर्गातील गाडी पूर्ण चिरडायची, ‘बी’ वर्गातील गाडीचे सुटे भाग काढून बाकीचा सांगाडा नष्ट करायचा, ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार बसलेली पण दुरुस्त होणारी आणि ‘एन’ म्हणजे सांगाड्याला मार न बसलेली. खरेदीदाराला तिथे हा वर्ग शोधता येतो. आपल्याकडे आरसीवर असा कोणताही शिक्का नसतो, म्हणून तेच वर्गीकरण आपल्याला स्वतः करावे लागते.

पहिली पायरी: इतिहास काढणे

सुरुवात एमपरिवहन ॲपपासून करावी. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत, बँकेचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, एवढे तिथे कळते. क्लेमचा इतिहास मात्र तिथे दिसत नाही आणि ‘ॲपवर सगळे क्लीन आहे’ या वाक्यावर पुष्कळ लोक फसतात.

त्यानंतर विक्रेत्याकडे मागील सर्व वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात. पॉलिसीवरील नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, हा बोलका आकडा असतो. क्लेम न घेता वर्षे गेली की तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. चढत गेलेला बोनस एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आला असेल, तर त्याआधीच्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी असते. मालक बदलल्यामुळे किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ खंडित राहिल्यामुळेही तो शून्य होतो, पण गाडी सहा-आठ महिने विम्याविना का पडून होती, हा प्रश्न मग उरतोच. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी अचानक थांबणे, एका वर्षात दोनदा मालकी बदलणे, नोंदणीच्या शहरापासून फार लांब विक्री होणे, या खुणाही याच सदरात मोडतात.

सर्वांत भक्कम पुरावा विमा कंपनीचा. कंपनी त्रयस्थाला माहिती देत नाही, परंतु पॉलिसीधारकाने स्वतः मागितल्यास क्लेमचा तपशील त्याला मिळतो. म्हणून विक्रेत्याने आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून क्लेमचा तपशील, सर्व्हेअरचा अहवाल आणि वर्कशॉपने दिलेला पहिला खर्चाचा अंदाज मागवावा, असे स्पष्ट सांगावे. हा पहिला अंदाज म्हणजे गाडीला नेमके कुठे लागले होते, याची भागवार यादीच असते. त्याच्या जोडीला अपघातानंतरची आणि दुरुस्ती चालू असतानाची छायाचित्रे मिळाली, तर निम्मे काम झाले. व्यापाऱ्याने गाडी लिलावात घेतली असेल, तर लिलावाची छायाचित्रे त्याच्याकडे नक्की असतात. ती दाखवायला तो तयार नसेल, तर तिथेच थांबावे.

बाद होण्याचे कारण

काही कारणे अशी आहेत की ती कळल्यावर पुढची तपासणी करण्याची गरजच राहत नाही. पाण्यात बुडालेली आणि आगीत सापडलेली गाडी मी कोणत्याही किमतीला घ्यायला सांगणार नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१मध्ये चिपळूण आणि आपल्याकडे सत्तरी-डिचोली, सप्टेंबर २०२२मध्ये बंगळूर, डिसेंबर २०२३मध्ये चेन्नई इथे आलेल्या पुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांत महागड्या गाड्याही होत्या. कोल्हापूर आणि बंगळूर गोव्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत, हे ध्यानात ठेवावे. अशी गाडी धुऊन, वाळवून सहा महिने उत्तम चालते. त्यानंतर वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडू लागतात आणि एकेक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीच्या यंत्रणा चालवणारा छोटा संगणक, दगा देते. ओळखायची असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे, कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावावा, सीटच्या रुळांवरचा आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवरचा गंज पाहावा. आत सुगंधी स्प्रेचा भडिमार असेल, तर तोही एक पुरावाच समजावा.

चोरी होऊन क्लेम मिळाल्यानंतर सापडलेली गाडी, किंवा वरच्या हिशेबातल्याप्रमाणे बोल्टने बसणाऱ्या भागांपुरतेच नुकसान झालेली गाडी, यांचा विचार करता येतो. छत पेलणारे दारांलगतचे खांब, फरशी, छत किंवा इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढे जाणाऱ्या लांब चॅसिस रेलपर्यंत मार पोहोचला असेल, तर नवख्या खरेदीदाराने दूर राहावे. दुरुस्ती होऊच शकत नाही असे नाही, पण ती नीट झाली की नाही हे ठरवण्याचे साधन आपल्या हाती नसते.

गाडी तीच आहे का, याची खात्री

ही पायरी लहान आहे, पण चुकली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चॅसिस क्रमांक वापरून त्याच मॉडेलची चोरीची गाडी विकायची, हा देशात अनेकदा उघड झालेला धंदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५५नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते, पण सगळेच तसे करतात असे नाही. त्यामुळे गाडीच्या बॉडीवर कोरलेला चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि आरसी यांचा मेळ स्वतःच्या डोळ्यांनी घालावा, कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा पाहाव्यात. आधुनिक गाडीत हा क्रमांक अनेक कंट्रोल युनिटांतही साठवलेला असतो. स्कॅनर लावून तो वाचून घ्यावा. एखाद्या युनिटात वेगळा क्रमांक निघाला, तर ते युनिट कुठून आले याचे बिल मागावे. इंजिन आणि एबीएस दोन्हींत वेगळा निघाला, तर परत निघावे. गाडी चोरीच्या नोंदीत नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवरही पाहता येते.

लोखंडाची तपासणी

इथे घाई करू नये. गाडी लिफ्टवर चढवणारे गॅरेज आणि त्या कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला, पण विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक आधी ठरवावा. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक कितीही भला असला तरी तो नको.

प्रथम रंगाची जाडी मोजणारे मीटर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच जागी लावावे. फॅक्टरीचा रंग साधारणपणे १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान असतो, पुन्हा रंगवलेला पत्रा २००च्या पुढे जातो आणि पाचशे-हजाराचे आकडे आले तर खाली पुट्टी आहे असे समजावे. दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला असणे हा काही गुन्हा नव्हे. पण खांबांवर, छताच्या कडेला, दाराखालच्या सिलवर असे आकडे आले, तर सांगाडा उघडला गेला आहे. काही गाड्यांचे बोनेट ॲल्युमिनियमचे असते आणि साधे चुंबकीय मीटर त्यावर चालत नाही, म्हणून दोन्ही धातूंवर चालणारे मीटर हवे.

नंतर दारांचे रबर ओढून खांबाची कड पाहावी. फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड एकसारखे गोल आणि ठरावीक अंतरावर असतात. हाताने केलेले वेल्ड खडबडीत, घासून सपाट केलेले किंवा सीलंटने झाकलेले दिसतात. बोनेटखाली दोन्ही बाजूंच्या ॲप्रनची, म्हणजे चाकांच्या आतल्या बाजूच्या पत्र्यांची, तुलना करावी, डिकीतील स्टेपनीची खोबण चाचपून सुरकुत्या शोधाव्यात, सर्व काचांवरचे उत्पादनवर्ष जुळवावे. आजच्या गाड्यांचे खांब उष्ण अवस्थेत साच्यात दाबलेल्या अतिकठीण पोलादाचे असतात. ते गॅसने तापवून ठोकून सरळ केले, की दिसायला पूर्ववत होतात, पण त्यांची ताकद गेलेली असते, आणि पुढच्या अपघातात आपल्याला वाचवायचे असते ते याच खांबांनी.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगत हवेत मीठ असते. फॅक्टरीत सांगाड्याच्या पोकळ्यांत भरलेले गंजरोधक मेण वेल्डिंगच्या उष्णतेने जळून जाते आणि बाहेरचे गॅरेज ते क्वचितच पुन्हा भरते. माझ्या एका स्नेह्याने परराज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून अशी हॅचबॅक घेतली होती. पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचू लागले आणि कार्पेट उचलल्यावर आतल्या सिलचा वेल्ड गंजून बोट जाईल एवढा उघडा पडलेला दिसला. तोवर व्यापाऱ्याचा फोन लागत नव्हता. म्हणून शक्य असेल तर अशी गाडी एप्रिलमध्ये न पाहता जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्पेटला पुन्हा हात लावावा.

शेवटी चारही चाकांचे अलाइनमेंट संगणकावर करून छापील कागद घ्यावा. डाव्या-उजव्या बाजूच्या कॅम्बर आणि कॅस्टर या चाकांच्या कलांच्या कोनांमध्ये मोठा फरक असणे आणि तो जुळवून न जुळणे, याचा अर्थ बहुधा खालचा आर्म वाकलेला आहे किंवा सस्पेन्शनचा टॉवरच सरकलेला आहे. पहिला दोष बिल भरून मिटतो. दुसरा मिटत नाही.

एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक्स

इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा दुसऱ्या दिव्याच्या बरोबरीने विझला, तर छेडछाड झाली आहे. परंतु दिवा बरोबर चालतो म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण एअरबॅगच्या जागी साधा रेझिस्टर जोडला तरी यंत्रणेला सगळे ठीक वाटते आणि स्कॅनरवरही दोष दिसत नाही. ज्या एअरबॅग अपघातात उघडल्या होत्या, त्यांची यादी पहिल्या अंदाजात असते. त्या प्रत्येकीचे खरेदी बिल मागावे आणि मेकॅनिककडून कव्हर उघडून भाग क्रमांक पाहून घ्यावा. सीट बेल्टच्या तळाशी शिवलेल्या लेबलावरील तारीखही गाडीच्या वर्षाशी जुळवावी.

इंजिनाचा मूळ प्रोग्राम बदलून ताकद वाढवलेली आहे का, हेही इथेच विचारावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९मधील निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल कायद्यात बसत नाहीत, आणि न कळवलेला बदल पुढे क्लेमच्या वेळी अडचणीचा ठरतो. शिवाय अपघात झालेल्या इंजिनावर वाढीव ताण देणारा मालक दुरुस्तीतही काटकसर करणारा निघतो, असा माझा अनुभव आहे.

चालवून पाहताना

राष्ट्रीय महामार्ग ६६चा एखादा सपाट, सरळ भाग निवडावा आणि वेगमर्यादेतच राहून स्टीअरिंग हलके धरावे. गाडी सरळ जाते का, स्टीअरिंग मध्यभागी राहते का ते पाहावे. मागे कोणी नसताना जोरात ब्रेक लावून ती कोणत्या बाजूला ओढते ते तपासावे. त्यानंतर चोर्ला किंवा अनमोड घाटाची एक फेरी पुरेशी बोलकी ठरते: चढावर टर्बो भरताना धक्के, वळणांवर सस्पेन्शनमधून येणारे ठोके, उतारावर ब्रेक तापल्यावरची थरथर. परत आल्यावर एसी चालू ठेवून गाडी पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवावी. समोरून धडकलेल्या गाडीत रेडिएटर आणि पंखे निकृष्ट बसवलेले असतील, तर दमट उन्हाळ्यात तापमानाचा काटा लगेच वर सरकतो.

टोकनच्या आधी विमा, मग किंमत

टोकन देण्यापूर्वी दोन विमा कंपन्यांना टोटल लॉसचा इतिहास लेखी कळवून सर्वसमावेशक पॉलिसीचा दर आणि आयडीव्ही मागावी. इतिहास लपवून पॉलिसी घेतली, तर पुढचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळते. केवळ थर्ड पार्टी विमा द्यायला कंपनी तयार असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा पूर्ण भार आपल्यावर राहील, हे धरूनच पुढे जावे. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. तो त्याच्याकडेच राहतो.

किमतीबाबत माझे माप कडक आहे. तेवढ्याच वर्षांच्या, तेवढ्याच धावेच्या निर्दोष गाडीपेक्षा निदान एक तृतीयांश कमी किंमत असेल, तरच बोलणी करावीत. दहा-पंधरा टक्क्यांच्या सवलतीत हा इतिहास विकत घेणे तोट्याचे आहे, कारण आपण विकायला काढू तेव्हा समोरचाही तेवढाच घासाघीस करणार आहे. दुर्मीळ मॉडेलच्या बाबतीत मन अधिक घट्ट करावे लागते. २०२०ची ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात २०० गाड्यांपुरतीच आली होती. अशी गाडी पुन्हा मिळणार नाही हे खरे, पण तिचा एखादा भाग महिनोन्महिने मिळणार नाही, हेही तितकेच खरे.

व्यवहार ठरला, तर विक्री करारात टोटल लॉसची तारीख, कारण आणि केलेली दुरुस्ती स्पष्ट लिहून घ्यावी आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. व्यापाऱ्याकडून घेत असल्यास त्याच्याकडे नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. एप्रिल २०२३पासून तशी तरतूद लागू आहे. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५, आणि परराज्यातील गाडीसाठी फॉर्म २८ची एनओसी हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. परराज्यातील गाडीवर गोव्याचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो, तेव्हा आपल्या तालुक्याच्या वाहतूक खात्याच्या कार्यालयात तो आधीच विचारून किमतीत धरावा. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत करावा.

गाडी घरी आल्यानंतर पहिल्या हजार किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासून आधीच्या कागदाशी ताडावे, आणि पहिला पावसाळा संपताच ऑक्टोबरमध्ये ती लिफ्टवर चढवून प्रत्येक नव्या वेल्डवर आणि पोकळीत गंजरोधक मेण भरून घ्यावे. सर्व्हेअरचा अहवाल, छायाचित्रे, बिले आणि अलाइनमेंटचे कागद एका फायलीत ठेवावेत. उद्या ही गाडी विकताना पुढचा माणूस तीच फाईल मागेल.